पाट

रात्रीची जेवणं उरकली, भांडी पालथी पडली, की मी टेबलावरचा दिवा लावतो. अंबाडी नाक्यावरची दुकानं तोवर बंद झालेली असतात. भिवंडीहून वाड्याकडे निघालेले ट्रक तेवढे चालू असतात. त्यातला एखादा खड्ड्यात आदळला की माझ्या टेबलावरच्या पाण्याच्या वाटीत तरंग उठतो. मी ब्रश वर धरून थांबतो. तरंग विरतो. मग एका फ्रेंच शिपायाच्या कोटाला तिसरं बटण लावतो.

हा शिपाई माझ्या अंगठ्याच्या पेराएवढाही नाही. माणसाच्या बहात्तराव्या हिश्श्याचा. नुसत्या चिमटीत धरून त्याला रंगवता येत नाही, म्हणून तो फेविकॉलच्या थेंबाने एका कांडीच्या टोकावर उभा केलेला. कांडी भिवंडीच्या यंत्रमागावरची, सूत संपलेली, भंगारातून आणलेली. अशा बारा कांड्या थर्मोकोलच्या ठोकळ्यात रोवलेल्या. आधी बाराही जणांचे कोट, मग बाराही जणांच्या विजारी, मग पट्टे, मग चेहरे. एकेकाला पुरतं सजवत बसलं तर पलटण उभी व्हायला जन्म पुरायचा नाही, हे पहिल्या महिन्यातच कळलं. कापडाच्या गोदामात हिशेब लिहिण्यात माझी उमर गेली. एकेक गठ्ठा नव्हे, एकेक रांग मोजायची, ही तिथली सवय इथे कामी आली.

धाकट्या बहिणीचा मुलगा इंग्लंडमध्ये असतो. काही वर्षांपूर्वी दिवाळीला आला तेव्हा त्याने दोन खोकी माझ्यापुढे ठेवली. "मामा, तू आमच्या लहानपणी किल्ल्यावरचे मावळे रंगवून द्यायचास ना? मग हे रंगव." एका खोक्यात नेपोलियनचं पायदळ, दुसऱ्यात इंग्रजांचं, दोन्ही १८१५ सालची, वॉटर्लूची. फांदीला कैऱ्या लगडाव्यात तसे राखाडी शिपाई प्लास्टिकच्या चौकटीला लगडलेले होते. तिकडे मोठाली माणसं हे रंगवतात, मोठ्या टेबलावर मांडतात, टेप लावून पलटणी इंचाइंचाने पुढे सरकवतात आणि गोळी लागली की नाही ते फाशांवर ठरवतात, असं तो सांगत होता. मला हसू आलं. फाशांवर लढाई म्हटलं की आपल्याला एकच लढाई आठवते, आणि तिचे फासे आधी पडले होते.

पुढे वाचत गेलो तसं हसू कमी झालं. प्रशियाच्या एका बाप-लेकाने, राइसविट्झ त्यांचं नाव, नकाशावरच्या लढाईचा खेळ रचला आणि १८२४ साली तिथल्या सैन्याने तो अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी उचलला. एच. जी. वेल्ससारख्या लेखकाने खेळण्यातल्या शिपायांच्या लढाईचे नियम लिहून १९१३ साली त्याचं पुस्तक काढलं. पुढच्याच वर्षी खरं महायुद्ध सुरू झालं. खेळ आणि खरं यांत एका वर्षाचं अंतर होतं.

रंग मी इकडचेच वापरतो. शाळेच्या रंगपेटीत एक निळा असायचा, प्रशियन ब्लू. आम्ही त्याने रात्रीचं आभाळ रंगवायचो. प्रशिया नावाचा देश होता, त्याच्या बर्लिनमध्ये अठराव्या शतकाच्या आरंभी हा रंग सापडला आणि त्याच्या शिपायांचे कोट निळे होते, हे कुणी सांगितलं नव्हतं. आता तोच निळा, काळ्याचा एक थेंब घालून, फ्रेंचांच्या कोटाला देतो. फ्रेंचांचा खरा निळा मात्र निळीचा. निळीची आवक इंग्रजांनी समुद्रावर अडवली तेव्हा नेपोलियनने १८०६ साली आपल्या पायदळाला पांढरे कोट द्यायचा हुकूम काढला होता, आणि तो फार काळ टिकलाही नाही. इकडे बंगालात निळीच्या शेतांवर रयत राबत होती आणि तिकडे युरोपातल्या शिपायाचा कोट कुठल्या रंगाचा असावा हे त्यावर ठरत होतं. इंग्रजांचा लालही एक नव्हे. साध्या शिपायाचा कोट मंजिष्ठेच्या मुळीत रंगवलेला, विटेकडे झुकणारा. अधिकाऱ्याचा लालभडक, महाग. म्हणून मी लालच्या दोन वाट्या ठेवतो. एका वाटीत चिमूटभर गेरू असतो.

हात मात्र मला मिळाला तो गणपतीच्या कारखान्यात. आठवीत गेल्यापासून दरवर्षी आषाढापासून भाद्रपदापर्यंत मी नाक्याजवळच्या एका कारखान्यात जायचो. कारखाना म्हणजे ताडपत्रीचा मांडव. पहिल्या वर्षी फक्त पाटाला रंग द्यायचा. मूर्तीला हात लावायचा नाही. दुसऱ्या वर्षी उंदीर. तिसऱ्या वर्षी सोवळं. डोळ्यांची आखणी कारखानावाले काका स्वतः करायचे, सगळं झाल्यावर, पहाटे, कुणी बोलत नसताना. ब्रशाला दोन-तीन केस राहतील इतका तो छाटलेला. "श्वास धरायचा," ते म्हणायचे, "आणि रेघ संपली की सोडायचा. रेघेच्या मध्ये सोडलास तर देव तिरळा." आखणी होईपर्यंत ती मूर्ती असायची. आखणी झाली की काका तिच्याकडे पाठ करून उभे राहत नसत.

या शिपायाला डोळे म्हणजे दोन ठिपके. तेवढेही पुष्कळांच्या मते देऊ नयेत. हातभर अंतरावरून बघितलं तर माणसाचा डोळा दिसत नाही, भुवईखालची सावली दिसते. म्हणून चेहऱ्यावर पातळ तपकिरी पाणी सोडायचं. ते खोलगट भागात आपोआप जाऊन बसतं. मग नाक, गालाचं हाड, हनुवटी एवढ्यांवर उजळ रंगाचा कोरडा ब्रश फिरवायचा. चेहरा उठून येतो. मला हे पटतं, तरीही मी श्वास धरतो आणि ठिपके देतो. तीन साडेतीनशे फ्रेंच झाले असतील. त्यात तिरळे बरेच आहेत.

शिपाई रंगून झाला की त्याला तळ द्यायचा असतो. भाचा त्याला 'बेस' म्हणतो. पुठ्ठ्याचा किंवा पातळ लाकडाचा चौकोन घ्यायचा, त्यावर शिपाई चिकटवायचे, भोवती फेविकॉल लावून वाळू पसरायची. ती वाळली की मातकट रंग, त्यावर फिका कोरडा हात, मग कुठे गवताचा झुबका, कुठे खडा. एवढं केलं की जो आत्तापर्यंत खेळणं होता तो कुठेतरी उभा राहतो. रंगाने त्याची पलटण कळते. माती लागली की तो कुठल्या जागी आहे ते कळतं.

मी हे करत होतो तेव्हा आई येऊन बसली. तिची नजर आता अधू झाली आहे. तिने एक चौकोन बोटांनी चाचपला, वरचे चार शिपाई मोजले आणि म्हणाली, "उभं राहायला पाट दिलास होय त्यांना?"

तेव्हापासून आमच्या घरात त्याला पाट म्हणतात. 'बेस' हा शब्द गेला तो गेलाच. आईच्या शब्दात एक गोष्ट होती जी इंग्रजी शब्दात नव्हती. पाट कुणाला देतात? जेवायला बसणाऱ्याला, अभ्यंगाला बसणाऱ्याला, औक्षण करायच्या माणसाला, घरी आलेल्या पाहुण्याला, गणपतीला. ज्याला पाट दिला त्याचं त्या घटकेपुरतं त्या घरात स्थान झालं. माझ्यासमोर फ्रान्सच्या कुठल्या तरी खेड्यातून उचलून आणलेला, वॉटर्लूत पडलेला, ज्याचं नाव मला कधीच कळणार नाही असा एक माणूस उभा होता. त्याला पाट द्यायचा तर तो कुठल्या मातीचा?

वॉटर्लूच्या बाबतीत हे सोपं निघालं. १७ जून १८१५ च्या रात्री तिथे धो धो पाऊस पडला. सकाळी रान एवढं चिखलाचं झालं होतं की तोफा हलवता येतील म्हणून नेपोलियन जमीन जरा वाळण्याची वाट बघत राहिला, आणि पहिली तोफ डागायला साडेअकराच्या सुमार झाला. राय नावाचं धान्य पुरुषभर उंच उभं होतं आणि ते घोड्यांच्या टापांखाली चिखलात गेलं. हे वाचलं तेव्हा आवणीचे दिवस होते. आमच्या खाचरांत चिखलणी झालेली, बांधावर राबाचे मूठ पडलेले. मी पायजमा दुमडून बांधावर गेलो आणि डबाभर चिखल घेऊन आलो. वाळवला, कुटला, चहाच्या गाळणीने चाळला. गाळणी अर्थातच नंतर माझीच झाली. बायकोने स्वयंपाकघरात परत घेतली नाही. "अहो, त्यांना चिखल लागतो, आम्हाला चहा लागतो," एवढंच ती म्हणाली. राय म्हणून मी भाताचा पेंढा बारीक कातरून लावला. त्यावर वार्निशचा हात दिला की चिखल ओला दिसतो. नेपोलियनची पलटण अंबाडीच्या खाचरात घोट्यापर्यंत रुतून उभी राहिली, आणि मला वाटतं ती तिथे कमी अवघडली.

या कामात माझ्या आधी एक वेडा होऊन गेला आहे. विल्यम सायबोर्न हा इंग्रज सैन्यातला साधा लेफ्टनंट. १८३० साली त्याला वॉटर्लूची प्रतिकृती करायचं काम मिळालं. तो ऐन रणांगणातल्या ला हे सँत नावाच्या शेतघरात जाऊन आठ महिने राहिला आणि त्याने जमीन मोजली. मग लढाईतून वाचलेल्या अधिकाऱ्यांना पत्रं लिहिली. त्यांत एक प्रश्न असा होता, की संध्याकाळी सातच्या सुमाराला तुमच्या पुढ्यात कुठलं पीक होतं? जवळपास वीस वर्षांनी माणसांना विचारतोय, पीक कुठलं होतं. मला या प्रश्नासाठी सायबोर्न आवडतो. ज्या माणसाला मृत्यू समोर दिसत होता त्याला पायाखालचं पीक आठवत असणार, हे त्याला ठाऊक होतं. त्याची प्रतिकृती १८३८ साली लंडनमध्ये लोकांसमोर आली. तिच्यावर सत्तर हजारांच्या वर कथलाचे शिपाई होते. प्रशियन फौज कुठे, किती आणि कधी पोचलेली दाखवायची यावरून वॉटर्लूतल्या इंग्रज सेनापतीची, खुद्द वेलिंग्टनची, नाराजी त्याने ओढवून घेतली. पैसे बुडाले. प्रतिकृती मात्र आजही लंडनच्या राष्ट्रीय सैन्य संग्रहालयात आहे.

त्या वर्षीच्या दिवाळीत शेजारच्या मुलांनी किल्ला केला. विटा, दगड, चिखलात बुडवलेली गोणपाटं, वर हळीव पेरलेले. गडावर महाराज, गुहेत वाघ, विहिरीवर पाणी शेंदणारी बाई, रांगोळीचा रस्ता. वाघ महादरवाज्याएवढा आणि पाणी शेंदणारी बाई बुरुजाएवढी, हे आपल्या किल्ल्यांत चालतं. तिथे प्रमाण उंचीचं नसतं, महत्त्वाचं असतं. मावळे कमी पडले म्हणून एक पोरगा माझ्याकडे आला. मी म्हटलं, ने यातले. संध्याकाळी बघायला गेलो तर महादरवाज्यात नेपोलियनचे आठ ग्रेनेडियर पहारा देत होते, अस्वलाच्या कातड्याच्या उंच टोप्या घालून. सगळं शोभत होतं, एक सोडून. ते पाटासकट उभे होते. मावळे चिखलात पाय रोवून आणि हे आपापला चौकोन घेऊन. देवळात कुणी चपला घालून शिरावं तसं दिसत होतं.

त्या रात्री मला फरक कळला. आपल्या किल्ल्यात आधी जमीन होते. डोंगर उभा राहतो, माती लिंपली जाते, हळीव उगवतात, आणि मग त्या जमिनीवर माणसं येतात. दिवाळी संपली की किल्ला मोडतो, मावळे धुऊन खोक्यात जातात, आणि खोक्यात त्यांच्या पायाला काहीच नसतं. पुढल्या कार्तिकापर्यंत ते कुठलेच नसतात. तिकडच्या खेळात उलटं. टेबल रिकामं, आज वॉटर्लू, उद्या आणखी कुठलं रान. म्हणून प्रत्येक शिपायाने आपली चिमूटभर जमीन स्वतःबरोबर न्यायची. मोठ्या फौजांमध्ये गावापासून हजार कोस दूर जाऊन लढणाऱ्या माणसाची गोष्ट हीच असावी. त्याची जमीन त्याच्या तळव्याएवढी.

माझे शिपाई परके राहिले नाहीत याला वसई कारण झाली. अंबाडीहून वज्रेश्वरीवरून पश्चिमेला निघालं की शिरसाड फाटा लागतो, आणि तिथून वसई. वज्रेश्वरीच्या देवळाच्या बावन्न पायऱ्या मी लहानपणापासून मोजतोय. चिमाजी अप्पांनी वसई घेण्यासाठी देवीला केलेला नवस आणि १७३९ मधला तो विजय इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतो. ठाऊक नसतं ते पुढचं. त्याच वसईत ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला. त्या तहाने जे युद्ध पेटलं त्यात आर्थर वेलस्ली नावाचा चौतिशीतला सेनापती मराठी मुलखात उतरला. हाच पुढचा वेलिंग्टन. माझ्या दुसऱ्या खोक्यातले लाल शिपाई ज्याच्या हुकमाने उभे होते, तो आमच्या अंगणातून वॉटर्लूला गेला होता. म्हातारपणी त्याला विचारलं, तुमची सगळ्यांत उत्तम लढाई कुठली, तेव्हा त्याने वॉटर्लूचं नव्हे, त्याच युद्धातल्या असईचं नाव घेतलं असं सांगतात.

मग मी असई रंगवायला घेतली. तिचे शिपाई खोक्यात मिळेनात, म्हणून वॉटर्लूचेच कापले. शाको नावाची टोपी ब्लेडने उडवायची आणि एम-सीलची बारीक वळी करून डोक्यावर पागोटं बांधायचं. मद्रासच्या पलटणीतल्या शिपायाला लाल कोट आणि खाली मांडीवर संपणारा पांढरा जांघिया. डोंगरी स्कॉटांनी आपला घागरा इकडच्या उन्हात सोडून पांढरी विजार घातली होती, तीही केली. 'फ्लेश' नावाची एक बाटली भाच्याने पाठवली होती. तो रंग गुलाबी. त्यांच्याकडे कातडीला एकच बाटली पुरते. मी बर्न्ट सिएना, पिवळी माती आणि काळा असं मिसळून सात वाट्या केल्या, आणि तरी मद्रासचा माणूस, अवधचा माणूस आणि देशावरचा माणूस यांत मला पाहिजे तसा फरक काही जमला नाही.

समोरच्या बाजूच्या, शिंद्यांच्या कवायती पलटणी रंगवायच्या म्हणजे कवायत, बंदूक आणि उभं राहणंही युरोपी धर्तीचं. त्यांच्या सर्वांत मोठ्या तुकडीचा नायक पोहलमन, हॅनोव्हरचा जर्मन. म्हणजे दोन्ही बाजूंना साहेब घोड्यावर आणि दोन्ही बाजूंना आपली माणसं पायी. रांगा समोरासमोर ठेवल्या की मला माझेच शिपाई ओळखताना थांबावं लागायचं.

पाटासाठी असईला जावं लागलं. जालना जिल्ह्यात, केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या दोआबात ते गाव आहे. २३ सप्टेंबर १८०३ ला वेलस्ली केळणेच्या काठाशी आला तेव्हा वाटाडे म्हणाले, इथे उतार नाही. त्याने दुर्बिणीतून बघितलं. एका काठावर पिंपळगाव, अगदी समोर दुसऱ्या काठावर वरूड. दोन गावं अशी तोंडाला तोंड लावून वसली आहेत, तर त्यांच्यामध्ये ये-जा असणारच, म्हणजे उतार असणारच. उतार होता. त्याची फौज पलीकडे गेली. मला हे वाचून वाईट वाटलं आणि कौतुकही वाटलं. दोन गावांतल्या बायका-पोरांनी, गुरांनी, सोयरीक करणाऱ्यांनी रोजच्या पावलांनी जी वाट केली होती, ती त्याने वाचली. जमीन त्याची नव्हती, पण वाचायला तो शिकला होता.

कपाशीच्या शेताच्या कडेने मी पिशवीभर काळी माती घेतली. घरी आणून पाट केले आणि चौथ्या दिवशी सगळ्या पाटांना भेगा. काळी माती फेविकॉललाही जुमानत नाही. ओली फुगते, वाळली की आक्रसते. दुसऱ्यांदा तिच्यात निम्मी बारीक वाळू मिसळली तेव्हा ती बसली. पण पहिल्या खेपेतले दोन भेगाळलेले पाट मी ठेवले. त्यावर कुणाला उभं करायचं ते मला ठाऊक होतं.

असईत मराठ्यांच्या शंभराच्या आसपास तोफा होत्या. इंग्रजांचं पायदळ मारा सोसत त्यांच्यापर्यंत पोचलं, गोलंदाजांना कापलं आणि पुढे गेलं. तेव्हा तोफांखाली मेल्याचं सोंग घेऊन पडलेले गोलंदाज उठले, तोफांची तोंडं फिरवली आणि पुढे गेलेल्यांच्या पाठीवर मारा सुरू केला. त्यांना दुसऱ्यांदा मारावं लागलं. त्या दिवशी इंग्रजांच्या बाजूचे ४२८ मेले आणि जखमी धरून आकडा पंधराशेच्या वर गेला. हे आकडे नीट लिहिलेले आहेत. गोलंदाजांचं एक नावही मला कुठल्या पुस्तकात भेटलं नाही.

मी एका गोलंदाजाच्या दोन मूर्ती केल्या. एक पालथा पडलेला, गाल मातीला लागलेला. त्याचा पाट लांबट करावा लागला. दुसरा उठून बत्ती लावणारा. त्याच्या एका गालावर, एका खांद्यावर आणि गुडघ्यांवर मी काळी माती चोळली, कारण तो नुकताच मातीतून उठला आहे. खेळताना पडलेला उचलायचा आणि त्या जागी उठलेला ठेवायचा. भाचा पुढल्या खेपेला आला तेव्हा आम्ही खेळलो. चटई दुमडली, निळ्या दोऱ्याच्या दोन नद्या केल्या, आणि गोलंदाज उठायची वेळ आली तेव्हा त्याने नियमांचं पुस्तक चाळलं. "मामा, मेलेला उठायचा नियमच नाही यात." मी म्हटलं, "लिही." त्याने पेन्सिलीने समासात लिहिला.

यानंतर मला उगाचच वाटत होतं की मी घराजवळ आलो. खरं म्हणजे घराजवळ यायचं राहिलं होतं, आणि ज्या रस्त्याने मी वर्षानुवर्षं गोदामावर जातो त्यावरच राहिलं होतं. भिवंडीच्या वाटेवर दुगाड फाटा लागतो. आत गाव, मागे गुमतारा किल्ल्याचा डोंगर. पावसाळ्यात ट्रेकिंगवाली मुलं फाट्यावर उतरतात, एवढीच माझी ओळख. १७८० सालच्या डिसेंबरात इंग्रज सेनापती गॉडर्ड वसईला वेढा घालून बसला होता. वसईला मदत पोचू नये म्हणून कर्नल हार्टली दुगाडजवळ वाट अडवून उभा होता, आणि ती वाट फोडायला रामचंद्र गणेश कानडे आले होते. पानिपतानंतर, १७६९ मध्ये, मराठ्यांची जी फौज पुन्हा उत्तरेत गेली तिचे हे सेनापती. १२ डिसेंबरच्या सकाळी दाट धुकं होतं. धुक्याच्या आडोशाने ते हार्टलीच्या ठाण्यावर चढून गेले, आणि पोचण्याआधी धुकं एकाएकी विरलं. समोर तोफा होत्या. रामचंद्र गणेश तिथे पडले. त्यांच्याबरोबरचा नरोन्हा नावाचा पोर्तुगीज सरदार जखमी झाला. वसईही त्याच सुमारास पडली.

चिमाजी अप्पांच्या वसईला देऊळ मिळालं. या वसईच्या वाटेवर पडलेल्या माणसाला काय मिळालं ते मी शोधत बसलो नाही. मी एक घोडेस्वार घेतला. फ्रेंच हुसार होता. त्याचे सगळे गोंडे तासून टाकले, एम-सीलचं पागोटं बांधलं, अंगरखा केला. पांढऱ्यात किंचित राखाडी आणि किंचित निळं घालून अंगरखा रंगवला, धुक्यातला पांढरा. धुकं मात्र मला करता आलं नाही. कापूस लावून बघितला. म्हातारीचे केस वाटले. सोडून दिलं.

मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी पहाटेच निघालो होतो. तानसेवरून उठलेलं धुकं रस्त्यावर आलं होतं. ट्रक दिवे लावून मुंगीच्या पावलाने चालले होते. दुगाड फाट्याशी येईतो पुढचं काही दिसेना, म्हणून मी मोटरसायकल कडेला लावली. दहा मिनिटं असतील. मग कुणी चादर ओढून घ्यावी तसं ते गेलं आणि एकदम गुमताऱ्याचा कडा समोर, एवढा जवळ की मी मागे सरलो. त्या सरलेल्या पावलाखाली तांबूस मुरूम होता. डब्यातला भाजीचा वरचा कप्पा मी रुमालात रिकामा केला आणि त्यात तो भरून घेतला.

संध्याकाळी घरी आलो तर बायकोने महालक्ष्मीचा गुरुवार मांडला होता. पाट, त्यावर कलश, भोवती रांगोळी. डब्यावरून जे ऐकायचं ते ऐकून झालं. रात्री मुरूम चाळला, पुठ्ठ्याच्या चौकोनावर फेविकॉलवर पसरला, घोडेस्वार त्यावर टेकवला. आई येऊन बसली. तिने बोटाने चाचपलं.

"हा एकटाच?"

"एकटाच."

"कोण?"

"रामचंद्र गणेश. वसईला निघाले होते. दुगाडला पडले."

"दुगाडला?" ती म्हणाली. "म्हणजे आपल्या वाटेवरचेच की."

ती उठली. भिंतीच्या आधाराने देवापाशी गेली आणि रांगोळीची वाटी घेऊन आली. दिसत नसताना, चिमटीच्या अंदाजाने, तिने त्या बोटभर चौकोनाभोवती टेबलावर एक रेघ ओढली. एका कोपऱ्यात रेघ सुटली. तिथे तिने पुन्हा चिमूट सोडली.

"माती ओली आहे अजून," मी म्हटलं. "हात नको लावूस."

"नाही लावत," ती म्हणाली, आणि माती वाळेपर्यंत माझ्या शेजारी बसून राहिली.